धातूची काच

धातु आणि काच यांचा नित्याच्या व्यवहारांत कांहीं संबंध दिसत नाहीं. पितळेचें भांडें पडलें तर त्याला पोचा येतो, काचेचा पेला पडला तर त्याचे तुकडे होतात; एवढ्यावरून दोहोंचें कुळ निराळें असें आपण मानून चालतों. परंतु शास्त्राच्या परिभाषेंत ‘काच’ हें पदार्थाचें नांव नसून अवस्थेचें नांव आहे. वितळलेला रस थिजतांना त्यांतील अणूंस रांगा धरण्यास अवसर मिळाला तर स्फटिक बनतो; तो न मिळतां ते जेथल्या तेथें खिळून राहिले तर काच बनते. वाळूचा रस चिकट असल्यामुळें त्याची काच सहज होते. धातूचा रस पडला पातळ; त्याचे अणु निमिषार्धांत आपापल्या जागीं जाऊन बसतात.

ही अडचण प्रथम वेगाच्या बळावर जिंकली गेली. १९६० सालीं कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत पोल ड्युवेझ व त्यांचे सहकारी क्लेमेंट आणि विलेन्स यांनीं १०० अणूंत ७५ सोन्याचे व २५ सिलिकॉनचे असें मिश्रण वितळविलें, आणि त्याचा थेंब वायूच्या झोतानें थंड तांब्यावर आपटविला. सेकंदाला दहा लक्ष अंश अशा कांहीं प्रचंड वेगानें तो निवाला. हातीं आला तो केसाहून पातळ असा एक पापुद्रा. परंतु क्ष-किरणांस त्यांत स्फटिकाची खूण सांपडली नाहीं.

विजय खरा, पण तो पापुद्र्यापुरताच. वस्तु जाड करूं गेलें कीं, गाभ्यांतील उष्णता बाहेर येईपर्यंत तेथें स्फटिक धरतात. १९७४ मध्यें बेल प्रयोगशाळेंतील चेन यांनीं पॅलेडियम, तांबें व सिलिकॉन यांच्या मिलिमीटरभर जाडीच्या कांड्या केल्या. १९८४ मध्यें हार्वर्ड विद्यापीठांत टर्नबुल यांच्या मंडळीनें पॅलेडियम, निकल व फॉस्फरस यांचा रस बोरॉन ऑक्साइडच्या रसांत शुद्ध करून सेंटिमीटरभर जाडीची काच मिळविली. पण पॅलेडियम हा अति महाग धातु. त्याची काच प्रयोगशाळेबाहेर कितीशी जाणार?

खरी कलाटणी मिळाली ती जपानांत. सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठांत अकिहिसा इनोउए आणि त्सुयोशी मासुमोतो यांनीं १९८९ च्या सुमारास लॅन्थेनम, अॅल्युमिनियम व निकल यांचें मिश्रण घेतलें. लॅन्थेनम हा विरल मृत्तिका या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या गणांतील धातु. १८३९ सालीं मोसांडर यांना तो सीरियमच्या संयुगांत दडलेला सांपडला, आणि म्हणूनच ‘दडून राहणें’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचें नांव पडलें. ‘विरल’ हें विशेषण मात्र फसवें आहे. भूकवचांत सीरियम जवळजवळ तांब्याइतकें सांपडतें.

या मिश्रणाचा गुण असा कीं, तें सेकंदाला सुमारें १०० अंश एवढ्या मंद गतीनें निवविलें तरी काचच राहतें. तांब्याच्या साच्यांत रस ओतला कीं मिलिमीटरांनीं मोजावी अशी कांडी तयार. असें कां व्हावें? एकाच मापाच्या विटांची भिंत भराभर रचतां येते. येथें लॅन्थेनमच्या अणूची त्रिज्या निकलच्या दीडपट, आणि अॅल्युमिनियमचा अणु मधल्या मापाचा. शिवाय अॅल्युमिनियमला स्वजातीयांपेक्षां लॅन्थेनमची ओढ अधिक. असे लहानमोठे अणु एकमेकांस बिलगून इतके गच्च बसतात कीं, कोणासच हलून रांग धरण्यास वाव उरत नाहीं. रसच जणूं वाळूच्या रसाचा स्वभाव घेतो. जें काम ड्युवेझ यांनीं वेगाकडून करविलें, तें येथें निवडीनें केलें.

पुढें हेंच तत्त्व झिर्कोनियमला लागू झालें. १९९३ मध्यें कॅलिफोर्नियाच्याच संस्थेंत पेकर व जॉन्सन यांनीं झिर्कोनियम, टायटेनियम, तांबें, निकल व बेरिलियम यांची सेंटिमीटराहून जाड काच केली. ती पोलादासारखी बळकट; तिचे गोल्फचे दांडेही बाजारांत आले, आणि कीर्ति तिच्याकडे गेली. लॅन्थेनमची काच त्या मानानें दुबळी व ठिसूळ, म्हणून ती मागें पडली.

येथेंच आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. संशोधनास पैसा देणारे ‘याचा उपयोग काय?’ असें प्रथम विचारतात. सेंदाईच्या त्या कांडीला हाच प्रश्न विचारला असता, तर उत्तर लाजिरवाणें आलें असतें. तिचा उपयोग वस्तु म्हणून नव्हता, धडा म्हणून होता. आणि झिर्कोनियमची काच त्या धड्यावरच उभी राहिली.

शिवाय या धातूंची गोष्ट तेथें संपलीही नाहीं. २००५ मध्यें बीजिंग येथें वांग वेइहुआ यांच्या मंडळीनें सीरियमची अशी काच केली कीं, ती सुमारें ६८ अंश सेल्सिअसवर मऊ पडूं लागते. उकळत्या पाण्यांत ती मेणासारखी वांकवितां येते, तिच्यावर ठसा उमटवितां येतो, आणि निवाल्यावर ती पुन्हा धातु ती धातुच! गॅडोलिनियमच्या काचांचा चुंबकीय शीतनासाठीं अभ्यास झाला आहे. कोणतें मिश्रण उत्तम काच देईल हें आधीं निश्चित सांगणारें गणित मात्र अद्यापि कोणास साधलेलें नाहीं. मूस तापवून पाहावीच लागते. तेव्हां आज निरुपयोगी म्हणून बाजूस सारलेली एखादी कांडी उद्यां काय शिकवील, याचा हिशेब खर्चाच्या वहींत आगाऊ मांडतां येणार नाहीं, एवढें तरी तो हिशेब मागणारांनीं ध्यानांत ठेवावें.