जुन्या सिंथेसायझरची स्मृती आणि पॅच-संपादक

विद्युत्-स्पंदनांपासून स्वर घडवणारे सिंथेसायझर हे वाद्य भारतात चित्रपटसंगीताच्या आधी एका शिक्षणसंस्थेत पोहोचले. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग यंत्रणा उभारून दिली आणि गीता साराभाई यांच्यासह काही भारतीयांनी तिच्यावर प्रयोग केले. त्या यंत्रणेत एका घटकाचा संदेश दुसऱ्या घटकात नेण्यासाठी तारा जोडाव्या लागत व त्या जोडणीला पॅच म्हणत. पुढे तारा गेल्या, तरी एखादा ध्वनी ज्या मांडणीतून निघतो त्या संपूर्ण मांडणीला पॅच हेच नाव राहिले. १९७०च्या दशकात केर्सी लॉर्ड यांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात रुळवलेल्या मिनीमूगला तारा नव्हत्या, परंतु स्मृतीही नव्हती. नॉब फिरवून बसवलेला ध्वनी दुसरा ध्वनी बसवताच नाहीसा होत असल्याने तो पुन्हा हवा असेल, तर वादकाला नॉबची स्थिती कागदावर टिपून ठेवावी लागे किंवा कानावर भिस्त ठेवावी लागे.

ही अडचण १९७८ मध्ये अमेरिकेत डेव्ह स्मिथ यांच्या प्रॉफेट-५ या वाद्याने दूर केली. त्यात सूक्ष्मप्रक्रियक, म्हणजे संगणकाचे मध्यवर्ती अंग असणारी चिप, बसवून ४० पॅच साठवण्याची सोय केलेली होती. जपानच्या रोलँड कंपनीच्या १९८१च्या ज्युपिटर-८ मध्ये ही संख्या ६४ झाली. याच ज्युपिटर-८ला रोलँडच्याच टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांची जोड देऊन मुंबईतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. तेव्हा फारशी दाद न मिळालेली ही तबकडी २०१० मध्ये पुन्हा प्रकाशित झाल्यावर जगभर गाजली आणि इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या इतिहासात तिला मानाचे स्थान मिळाले. मात्र तबकडीवर ध्वनी उरतो, तो ज्या मांडणीतून निघाला ती मांडणी तिच्यावरून परत मिळत नाही. वाद्य विकले गेले, बिघडले किंवा त्याची बॅटरी संपली की वादकाने महिनोन्महिने खपून घडवलेले पॅच संपतात, आणि मुंबईच्या स्टुडिओंच्या इतिहासातील ही हानी संगीताच्या अभ्यासकांनी अद्याप पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही.

१९८३ हे वर्ष या कथेत निर्णायक ठरले. त्या वर्षी वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे यासाठी मिडी हा समान संकेत अमलात आला, आणि त्याच वर्षी यामाहाने डीएक्स-७ बाजारात आणले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये शोधलेल्या, एका स्पंदनाने दुसऱ्या स्पंदनाची वारंवारिता बदलून ध्वनी घडवण्याच्या तत्त्वावर हे वाद्य आधारलेले होते. घंटेचा, काचेचा किंवा विद्युत्-पियानोचा नाद त्यातून विलक्षण सुरेख निघे, परंतु नवा नाद घडवणे मोठ्या कष्टाचे होते. सहा ऑपरेटर, म्हणजे सहा स्वतंत्र स्पंदक, ३२ प्रकारांनी जोडता येत आणि एका पॅचमध्ये १४५ मूल्ये अधिक दहा अक्षरांचे नाव एवढा ऐवज असे. तो सारा दोन ओळींच्या, ओळीमागे १६ अक्षरे मावणाऱ्या पडद्यावर एका वेळी एक मूल्य याप्रमाणे पाहावा लागे, जणू दाराच्या फटीतून वाडा पाहावा. त्यामुळे बहुसंख्य वादक कारखान्यातून आलेले ३२ ध्वनीच वाजवत राहिले आणि १९८०च्या दशकातील जगभरच्या लोकप्रिय संगीतात तेच ते नाद पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागले.

या कोंडीतून वाट काढली ती पॅच-संपादक या संगणकप्रणालीने, आणि तिला आधार मिळाला मिडीतील एका तरतुदीचा. सुरांचे संदेश सर्व कंपन्यांना समान असले, तरी प्रत्येक कंपनीला स्वतःचा क्रमांक देऊन खास आपल्या वाद्यापुरते संदेश पाठवण्याची मुभा मिडीत होती. या संदेशांना सिस्टिम एक्सक्लुझिव्ह, किंवा वापरणाऱ्यांच्या बोलीत सिसेक्स, म्हणतात. डीएक्स-७चे ३२ पॅच अशा एकाच संदेशात ४,१०४ बाइटमध्ये मावतात. मिडीच्या तारेतून सेकंदाला ३,१२५ बाइट जात असल्याने सव्वा सेकंदाहून थोड्या अधिक वेळात वाद्याची सगळी स्मृती संगणकात उतरते. संपादक ती उलगडून सहाही ऑपरेटर एकाच पडद्यावर आलेखांसह मांडतो, वादक माउसने एखादी रेषा ओढतो, आणि बदललेले मूल्य त्याच क्षणी वाद्यात पोहोचून कानावर पडते. १९८५ मध्ये अटारी एसटी हा संगणक मिडीचे पोर्ट घेऊनच आला, मॅकिन्टॉशसाठी ऑपकोड कंपनीने संपादक काढले आणि पुढे जर्मनीच्या इमॅजिक कंपनीचा साउंडडायव्हर अनेक वाद्यांना पुरा पडू लागला.

येथे इतिहासाने एक विचित्र वळण घेतले. जुने ठरलेले वाद्य चालू राहिले आणि त्याच्यासाठी लिहिलेले नवे सॉफ्टवेअरच आधी मेले: १९९८ मध्ये ऑपकोड गिब्सनकडे गेली व तिचे काम लवकरच थांबले, तर २००२ मध्ये इमॅजिक ॲपलने घेतल्यावर साउंडडायव्हरचा विकास बंद पडला. सिसेक्स संदेशांचा आराखडा छापून प्रसिद्ध झालेला होता, म्हणूनच पुढे हौशी आणि विद्वान मंडळींना नवे संपादक नव्याने लिहिता आले. जॉर्ज मेसन विद्यापीठातील शॉन ल्यूक यांचा एडिसिन आणि डीएक्स-७ची हुबेहूब नक्कल करताना मूळ वाद्याचे संपादनही करणारा डेक्स्ड हे दोन्ही मोफत आहेत आणि त्यांचा उगमसंकेत खुला आहे. कंपनीच्या मर्जीपेक्षा उघड्या कागदपत्रांनी या वाद्यांना अधिक आयुष्य दिले, हे निर्विवाद आहे.

असे संपादक आता लहान गावांतही वापरता येतात. उदाहरणार्थ, वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) हे नागपूर-अमरावती महामार्गावरील तालुक्याचे गाव संत्र्यांच्या बागांच्या आणि गवळाऊ गाईंच्या मुलखात वसले आहे. अशा गावातील वादकाला स्टुडिओची महानगरी दूर असली, तरी पॅच-संपादकाच्या बाबतीत अंतराला आता अर्थ उरलेला नाही. वाद्य, साधा लॅपटॉप आणि यूएसबी-मिडी केबल एवढ्यावर काम भागते. काही बारकावे मात्र ध्यानी ठेवावे लागतात. डीएक्स-७ मध्ये सिसेक्सची देवाणघेवाण मुळात बंद असते, ती चालू करावी लागते व स्मृतीचे संरक्षणही काढावे लागते; स्वस्त केबल लांब संदेश मध्येच गाळतात आणि मग दोष वाद्याच्या माथी मारला जातो. भारतीय संगीताच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. समस्वरांतरी, म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या, सुरावटीमुळे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि तोच आक्षेप पट्ट्यांच्या प्रत्येक वाद्यावर येतो. परंतु डीएक्स-७च्या पुढच्या पिढीत प्रत्येक पट्टीचा स्वर सूक्ष्म प्रमाणात सरकवण्याची सोय आली, आणि संगणकावर ती मूल्ये मांडून रागाच्या श्रुतींच्या जवळ जाणारी सुरावट वाद्यात भरणे शक्य झाले.

ज्यांच्या घरी, शाळेत किंवा ऑर्केस्ट्राच्या पेट्यांत १९८० व १९९०च्या दशकांतील असे वाद्य पडून असेल, त्यांनी बॅटरी बदलण्यासाठी ते उघडण्यापूर्वी त्यातील पॅच संगणकात उतरवून घ्यावेत आणि त्या फाइलला वादकाचे नाव व वर्ष द्यावे, कारण जुनी बॅटरी निघताच आतील स्मृती पुसली जाते.