सातारा-सांगली परिसरातील संस्थानी प्रजा आणि नागरिकत्वाच्या पुराव्याचा प्रश्न

परदेशातून परतणाऱ्या व्यक्तीने प्रवेशाच्या ठिकाणी आपले नागरिकत्व सिद्ध करणे ही आज सर्वपरिचित बाब आहे. स्वातंत्र्यपूर्व काळात मात्र स्वदेश कोणता, या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर सातारा-सांगली परिसरात गावागणिक बदलत असे.

इ. स. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा होऊन तेथील रयत ब्रिटिश प्रजा ठरली. लगतची औंध, फलटण, सांगली, मिरज, जत ही संस्थाने मात्र टिकून राहिली. औंधचा मुलूख तर सलगही नव्हता. औंध, कुंडल, आटपाडी असा तो विखुरलेला होता. १९१४ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्याप्रमाणे बादशहाच्या अधिराज्यात जन्मलेली व्यक्ती जन्मतः ब्रिटिश प्रजा होय. संस्थाने त्या अधिराज्यात मोडत नसल्याने तेथील रहिवासी केवळ ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ गणला जाई. १९२० च्या कायद्याने हिंदुस्थानात प्रवेशासाठी पारपत्राची सक्ती करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्यानंतर कराडचा व कुंडलचा प्रवासी एकाच बोटीतून मुंबईस उतरले, तरी कायद्याच्या दृष्टीने दोघांचा दर्जा निराळाच होता. भाषा, नातीगोती, बाजारहाट एकच असलेल्या माणसांत हा भेद केवळ जन्मगावाच्या हद्दीने पाडला होता. त्याच हद्दीचा उपयोग १९४२ नंतर प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांनी औंधच्या मुलखात आश्रय घेण्यासाठी करून घेतला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. राज्यघटनेतील नागरिकत्वाची कलमे २६ नोव्हेंबर १९४९ पासूनच अमलात आली. पाचव्या कलमाने भारताच्या राज्यक्षेत्रातील जन्म व अधिवास हे निकष ठरवले. परदेशस्थांसाठी आठवे कलम अधिक महत्त्वाचे होते. त्यातील ‘भारत’ १९३५ च्या कायद्याच्या मूळ व्याख्येप्रमाणे घेतल्याने संस्थानी प्रदेशही त्यात आपोआप आला. स्वतः किंवा आई-वडील, आजी-आजोबांपैकी कोणी तेथे जन्मले असल्यास भारतीय वकिलातीत नोंदणी करून नागरिकत्व मिळू लागले. ‘संरक्षित व्यक्ती’ हा दुय्यम दर्जा अशा रीतीने पुसला गेला.

पुराव्याची अडचण मात्र उरली. आटपाडीत जन्मलेल्या व्यक्तीचे गाव प्रथम औंध संस्थानात, १ ऑगस्ट १९४९ पासून दक्षिण सातारा जिल्ह्यात आणि २१ नोव्हेंबर १९६० पासून सांगली जिल्ह्यात गणले गेले. गाव जागचे हलले नव्हते. तरीही जुन्या दाखल्यावरचे संस्थान आणि नव्या अर्जावरचा जिल्हा यांचा मेळ घालण्याचे काम अर्जदारावरच येऊन पडे.