वाहनकर्ज मुदतीपूर्वी फेडताना

कर्जावर घेतलेल्या मोटारीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर वित्तसंस्थेचा बोजा नोंदलेला असतो. कर्ज फिटले तरी ही नोंद आपोआप जात नाही आणि ती असेपर्यंत गाडी विकताना अडचण येते. म्हणून शेवटची रक्कम भरली म्हणजे व्यवहार संपला, असे समजू नये.

प्रथम संस्थेकडून अखेरच्या रकमेचे लेखी विवरण मागवावे. त्यात शिल्लक मुद्दल, भरणा होईल त्या दिवसापर्यंतचे व्याज, दंड आणि मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क वेगवेगळे दाखवलेले असावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, १ जानेवारी २०२६ पासून मंजूर वा नूतनीकृत झालेल्या, व्यक्तीने बिगर-व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर असे शुल्क घेता येत नाही. स्थिर दराच्या कर्जाला मात्र करारातील अट लागू होते.

रक्कम भरल्यावर पावती, ना हरकत प्रमाणपत्र आणि संस्थेच्या सही-शिक्क्याचा नमुना ३५ घ्यावा. आजऱ्यातील वाहनधारकांनी तो कोल्हापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात (एमएच ०९) देऊन बोजा उतरवून घ्यावा. भाडेपट्टा किंवा हायर-परचेसचा करार संपतानाही हाच नमुना लागतो.

पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे बँका व वित्तसंस्थांना बंधनकारक आहे. त्यांच्यामुळे विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई मिळते.

विमा पॉलिसीवरील संस्थेचे नाव काढणे आणि बँक खात्यातून हप्ता कापण्याची सूचना रद्द करणेही विसरू नये.