ट्रॅक ०७ कोणाचा?

परवा माळा आवरताना जुनी हार्ड डिस्क सापडली. चाळीस जीबीची. एके काळी ही आपल्याच्याने भरणारच नाही असं वाटायचं, आता हसू येतं. चालू होईल अशी आशा नव्हती, पण झाली. आत 'बाबा कॅसेट' नावाचा फोल्डर, आणि त्यात २००४च्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी बसून कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतलेली दोनशेच्या वर गाणी.

'आम्ही दोघांनी' म्हणजे वायरी मी जोडल्या आणि बोलले बाबा. टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडायचा, कॅसेटची एक अख्खी बाजू वाजू द्यायची, मग तुकडे पाडून एमपीथ्री करायच्या. गाणं सुरू झालं की बाबा आकाशवाणीच्या निवेदकाच्या थाटात सांगणार: पद अमुक, नाटक तमुक, शब्द ह्यांचे, चाल ह्यांची, स्वर ह्यांचा. मी त्यातलं गायकाचं नाव तेवढं टाइप करायचो. कंटाळा आला की तेही नाही. त्यामुळे आता फोल्डरमधे 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशी लांबच लांब रांग आहे. बाबा २०११ साली गेले. आता विचारायचं कोणाला?

ह्या निमित्ताने गाण्यांच्या फायलींना नावं देण्याचं प्रकरण मुळात सुरू कसं झालं ते आठवत आणि शोधत गेलो. गंमत अशी की सुरुवातीला नावं नव्हतीच. ऑडिओ सीडी १९८२ साली बाजारात आली, पण तिच्यात गाण्याचं नाव लिहायची सोय नव्हती. नावं कव्हरवर छापलेली असताना चकतीत कशाला, असा हिशोब असणार. पुढे सीडी कॉम्प्युटरमधे वाजायला लागल्या आणि पडद्यावर नुसते आकडे दिसू लागले. त्यावर तोड म्हणून १९९०च्या दशकात टी कान आणि स्टीव्ह शर्फ ह्यांनी सीडीडीबी नावाची यादी उभी केली. सीडीवर किती गाणी आहेत आणि प्रत्येकाची लांबी किती, ह्यावरून ती कोणती सीडी आहे ते ओळखायचं. नावं भरणार कोण? तर ज्याच्याकडे सीडी आहे तो. जगभरच्या हौशी लोकांनी फुकट टाइप करून ती यादी वाढवली. १९९८ साली ती एका कंपनीने विकत घेतली, पुढे तिचं नाव ग्रेसनोट झालं. आपण भरलेल्या नावांवर धंदा उभा राहिला म्हणून पुष्कळांना राग आला, आणि त्यातून फ्रीडीबी नावाची वेगळी, खुली यादी निघाली.

एमपीथ्रीचं तसंच. १९९५च्या जुलैत जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या लोकांनी 'डॉट एमपीथ्री' हे शेपूट ठरवलं. पण फायलीच्या आत गाण्याचं नाव लिहायला अधिकृत जागा नव्हती. १९९६ साली एरिक केम्प ह्या गृहस्थाने फायलीच्या अगदी शेवटी १२८ बाइट्सची एक चिठ्ठी चिकटवायची युक्ती काढली. तोच आयडीथ्री टॅग. त्यात गाण्याचं नाव ३० अक्षरं, कलाकार ३० अक्षरं, अल्बम ३० अक्षरं, साल ४ आकडे, शेरा ३० अक्षरं, आणि संगीतप्रकारासाठी फक्त एक बाइट. म्हणजे प्रकार आपल्या शब्दांत लिहायचा नाही, ठरलेल्या यादीतला नंबर निवडायचा. पहिल्या यादीत ८० प्रकार होते. त्यात पोल्का होतं, पण नाट्यसंगीत, भावगीत, अभंग, ख्याल ह्यांपैकी काहीही नाही. बालगंधर्वांना बसवायचं कुठे? 'एथ्निक' नाहीतर 'अदर'!

१९९७ साली विनॅम्प आलं. ते लिहिणारा जस्टिन फ्रँकेल तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा होता. दोन वर्षांत एओएलने त्याची कंपनी विकत घेतली. माझ्या वयाच्या बहुतेकांचं डिजिटल गाणं ऐकणं तिथूनच सुरू झालं. ती छोटी काळपट खिडकी, हिरव्या आकड्यांचं घड्याळ, नाचणारे पट्टे. आणि मधून सरकत जाणारं गाण्याचं नाव, म्हणजे ती शेवटची चिठ्ठी. बाबा ते सरकतं नाव बघून म्हणायचे, "ह्यात कवी कुठाय?"

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण बाबांनी नेमकं दुखणं पकडलं होतं. आपल्याकडे गाणं एकट्या गायकाचं नसतं. कवी, संगीतकार आणि गायक अशी तिघांची नावं सांगितली की मग ते गाणं 'सांगून झालं'. आणि त्या चिठ्ठीत कलाकाराचा रकाना एकच.

आता शिफारशीकडे येतो. पुढे काय ऐकावं हे आपल्याला पूर्वी माणसं सांगायची. बाबा, शेजारचे काका, कॅसेटच्या दुकानातला माणूस. हे काम मशीनला जमेल का, असा प्रयोग १९९४ साली अमेरिकेत एमआयटीत झाला. 'रिंगो' त्याचं नाव. तुम्ही ईमेलने कलाकारांना १ ते ७ गुण द्यायचे, रिंगो तुमच्यासारखे गुण देणारे लोक शोधणार आणि त्यांना आवडलेलं पण तुम्ही न ऐकलेलं तुम्हाला सुचवणार. २००२ साली इंग्लंडमधे साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या रिचर्ड जोन्स ह्या विद्यार्थ्याने ह्याच्या पुढची पायरी गाठली. त्याच्या ऑडिओस्क्रॉबलरमधे गुणबिण काही द्यायचे नाहीत. तुमचा प्लेयर जे वाजवेल त्याची नोंद आपोआप पाठवली जाणार, आणि त्यावरून तुमचे समानशील शोधले जाणार. २००५ साली ते लास्टएफएममधे मिसळलं, आणि २००७ साली सीबीएसने लास्टएफएम २८ कोटी डॉलरला घेतलं.

म्हणजे एवढं मोठं कारखान्यासारखं काम चालायचं कशावर? तर त्याच चिठ्ठीवर! प्लेयर गाणं 'ऐकत' नव्हता, नाव वाचून पाठवत होता. मी वसंतराव देशपांड्यांचं नाव एकदा 'डॉ.' लावून, एकदा 'पं.' लावून आणि एकदा आडनाव आधी असं टाइप केलं होतं. नुसती अक्षरं जुळवणाऱ्या यंत्राच्या लेखी ती तीन वेगळी माणसं. उलटही व्हायचं. 'कट्यार काळजात घुसली' ह्या १९६७च्या नाटकात 'घेई छंद' हे एकच पद अभिषेकीबुवांनी दोन वेगळ्या चालींत बांधलंय. बाबांना त्या फरकावर अर्धा तास बोलता यायचं. मी दोन्ही फायलींना एकच नाव दिलं, आणि पुढे 'डुप्लिकेट' समजून त्यातली एक उडवली. कोणती ते आत्ता फोल्डर उघडल्यावर कळलं.

सॉफ्टवेअरवर खापर फोडायचा मोह होतो. पण खरं सांगायचं तर १९९८ सालीच आयडीथ्रीची नवी आवृत्ती आली होती, आणि तिच्यात संगीतकाराचा रकाना होता, कवीचाही होता. देवनागरी लिहायचीही सोय त्या आवृत्तीत होती, मग ती दाखवताना काही प्लेयर चौकोन आणि प्रश्नचिन्हं काढेनात का. २००४ साली बाबा शेजारी बसून नाव न् नाव सांगत होते आणि रकाने रिकामे होते. भरले नाहीत ते मी.

आता 'ट्रॅक ०७'. बाईचा आवाज, अभंग असावा, मागे खरखर. मोबाईलवरच्या गाणं ओळखणाऱ्या ॲपला ऐकवलं. काही सापडलं नाही. सापडणार कसं, ही ॲप्स ध्वनीचा ठसा काढून आपल्या साठ्यातल्या ठशांशी ताडून बघतात. जे साठ्यात कोणी घातलंच नाही ते जगातच नाही.

मग आत्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं. तिचा लगेच फोन. "अरे, हे आपल्या जुन्या घरातलं! रेडिओसमोर टेप ठेवून घेतलेलं. मधे कोण खोकलंय ऐकलंस का? अण्णा आहेत ते."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. मी दोन वर्षांचा असताना ते गेले. त्यांचा आवाज घरात कोणाकडेच नाही असं आम्ही समजत होतो. पुन्हा ऐकलं. २ मिनिटं १४ सेकंदांवर, दोन वेळा, घसा खाकरल्यासारखं.

गाणारी बाई कोण ते आत्यालाही सांगता आलं नाही. तो रकाना अजून रिकामाच आहे. शेऱ्यात मात्र मी लिहून टाकलंय: 'अण्णांचा खोकला, २:१४'. आता रोज रात्री पाच-सहा गाणी आत्याला पाठवतो आणि ती सांगेल ते सगळं, कवीसकट, टाइप करतो. तिचं वय ८१ आहे. आज १९३ उरलीत.

तुमच्या घरी अशा कॅसेटी असतील, आणि त्या ओळखणारं कोणी असेल, तर ह्या रविवारी बसा. गाणी नंतरही ऐकता येतील.