भट्टीवरचा किल्ट

जालना जिल्ह्यातल्या असईला मी पहिल्यांदा गेलो तो दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या नादाने. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी वेलस्लीची गाठ पडली. त्याच्या गोऱ्या पायदळात ७४वी आणि ७८वी हायलँडर्स या दोन स्कॉटिश पलटणी होत्या. गावाच्या रोखाने सरकलेली ७४वी मराठ्यांच्या तोफांच्या तोंडी सापडली. पाचशेच्या आसपास असलेल्या तिच्या सैनिकांपैकी चारशेच्या घरात ठार किंवा जखमी झाले.

या पलटणीचे पुढे काय झाले, हे नोकरी सांभाळून धुंडाळत असताना १८०९ सालच्या एका लष्करी हुकमाची माहिती हाती लागली. त्या हुकमाने सहा हायलँड पलटणींचा किल्ट बंद केला. त्या सहांत ७४वी होती. कारण सरळ व्यवहाराचे होते. हायलँडच्या डोंगरी मुलखातून पुरेसे रंगरूट मिळेनात, आणि बाहेरच्या तरुणांना हा पेहराव नको होता. भरती वाढवायची तर किल्ट गेला पाहिजे, असा हिशेब झाला.

मी चकित झालो. किल्ट म्हणजे स्कॉटलंडचा अनादि काळापासूनचा पोशाख, अशी माझीही समजूत होती. तो एका हुकमासरशी काढता येत असेल, तर चढवला कोणी? हा प्रश्न मला युद्धाच्या इतिहासातून कपड्यांच्या इतिहासात घेऊन गेला.

हायलँडचा जुना पेहराव म्हणजे 'फेले मोर', मोठे वस्त्र. चार-पाच वार लांबीच्या लोकरी कापडाच्या निऱ्या करून ते कमरेला पट्ट्याने आवळायचे आणि वरचा भाग खांद्यावर घ्यायचा. दिवसा अंगावर वस्त्र, रात्री तेच पांघरूण. मेंढ्यांमागे रानोमाळ हिंडणाऱ्याला याहून सोयीचे काही नव्हते.

१७२०च्या दशकात लँकेशरचा थॉमस रॉलिन्सन नावाचा क्वेकर लोखंड-कारखानदार इन्व्हरगॅरीला आला. ग्लेनगॅरीच्या मॅकडोनेल सरदाराचे जंगल त्याने भाडेपट्ट्याने घेतले. लाकूड तोडायचे, कोळसा पाडायचा आणि लोखंड वितळवायचे, असा धंदा होता. कामाला माणसे तिथलीच. झाडावर कुऱ्हाड चालवताना आणि भट्टीपुढे वावरताना तो कापडाचा पसारा आड येऊ लागला. तेव्हा इन्व्हर्नेसच्या पलटणीतल्या शिंप्याला बोलावून खालचा निऱ्यांचा भाग वेगळा बेतला गेला. तोच 'फेले बेग', छोटे वस्त्र, म्हणजे आजचा किल्ट. रॉलिन्सनने तो स्वतः घातला, सरदारानेही घातला आणि मजुरांत तो पसरला. ही हकिकत इव्हान बेली याच्या पत्रात आहे. १७६८ साली लिहिलेले ते पत्र १७८५मध्ये एडिंबरोच्या मासिकात छापले गेले.

इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ साली या पत्राच्या आधारे किल्ट ही एका इंग्रजाची निर्मिती असल्याचे मांडले आणि स्कॉटलंडमध्ये वादळ उठले. त्याआधीच्या काही चित्रांत छोटे वस्त्र दिसते, असे विरोधकांचे म्हणणे. मला हा वाद थोडा चुकीच्या जागी लढला गेला असे वाटते. कल्पना पहिल्यांदा कोणाला सुचली हे बाजूला ठेवले, तरी बेलीचे पत्र एक गोष्ट सांगतेच. छोटे वस्त्र लोकांनी उचलले ते कामाला सुटसुटीत म्हणून. कारखाना दहा वर्षेही टिकला नाही; कपडा टिकला.

तो किती पसरला, याची साक्ष शत्रूच्या कायद्यात मिळते. १७४६च्या एप्रिलमध्ये कलोडनला जॅकोबाइट बंड चिरडल्यावर पार्लमेंटने हायलँडचा पेहराव बेकायदा ठरवला. बंदी घातलेल्या कपड्यांच्या यादीत मोठ्या प्लेडबरोबर छोट्या किल्टचेही नाव आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे सागरापार रवानगी. ज्याच्याकडे बदलायला दुसरे वस्त्रच नव्हते, त्याने काय करावे, याचे उत्तर कायद्यात नव्हते. एक वाट मात्र खुली ठेवली होती. राजाच्या फौजेत भरती झालेल्याला तोच पेहराव माफ होता.

म्हणजे १७४७ ते १७८२ ही पस्तीस वर्षे हायलँडच्या साध्या माणसाला किल्ट राजरोस घालायचा, तर तो बंदूक खांद्यावर घेऊन, सरकारी कामावर. सैनिक जुन्या झालेल्या प्लेडमधून छोटा किल्ट बेतून घेत. भट्टीवरचा कपडा असा छावणीत जगला.

बंदी उठल्यावर तो दिवाणखान्यात आला. १८२२च्या ऑगस्टमध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. पावणेदोनशे वर्षांत राज्यावर असलेला राजा स्कॉटलंडला आलाच नव्हता. समारंभाची सूत्रे सर वॉल्टर स्कॉटच्या हाती होती. राजाने स्वतः हायलँडचा पोशाख केला. त्याचे बिल तेराशे चोपन्न पौंडांवर गेले.

या मेळाव्यात ग्लेनगॅरीचा तेव्हाचा सरदार, अ‍ॅलिस्टर रॅनल्डसन मॅकडोनेलही होता. ज्या घराण्याने रॉलिन्सनला जंगल दिले, त्याच घराण्याचा. 'खऱ्या हायलँडरांची' संस्था त्याने १८१५मध्येच काढली होती. रेबर्नने रंगवलेले त्याचे पूर्णाकृती चित्र एडिंबरोच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात आहे. किल्ट, शस्त्रे, करारी मुद्रा. आणि याच सरदाराच्या जमिनीवरची कुळे मेंढ्यांच्या कुरणांसाठी हुसकली जात होती. त्याच्या आईवडिलांच्या काळापासून कुळांची जहाजे कॅनडाला निघत होती. तिथल्या ऑन्टारिओत आजही ग्लेनगॅरी नावाचा परगणा आहे.

सरदाराचे चित्र मी पुस्तकात अनेकदा पाहिले आहे. प्रत्येक वेळी मला त्याच्याआधीच्या शंभर वर्षांतले लाकूडतोडे आठवतात. बेलीच्या पत्रात कारखानदाराचे नाव आहे. ज्यांच्या अडचणीतून तो कपडा बेतला गेला, त्या मजुरांपैकी एकाचेही नाही. परंपरेचा मान सरदाराला मिळाला. ज्यांनी तो कपडा घालून घाम गाळला, त्यांना आधी कैदेची भीती, मग पलटण, आणि शेवटी परदेशची वाट.

मागच्या वर्षी मी पुन्हा असईला गेलो. शेतात कापूस उभा होता. इथे पडलेल्या ७४वीच्या सैनिकांत ज्यांचे बाप-आजे बंदीच्या काळात वाढले, असे किती असतील, याचा विचार करत मी बांधावर बराच वेळ बसलो. समोरच्या बाजूने लढून पडलेल्या आपल्या पायदळाची नावे तरी आपण कुठे लिहून ठेवली आहेत? निदान त्यांच्या अंगावर कोणता कपडा होता, कोणी दिला होता आणि कोणत्या अटीवर, एवढे तरी शोधायला हवे. ते काम मी आता हाती घेतले आहे.