सामायिक कार्यस्थळ, मोफत (भुसावळ व खानदेश)

भाडे किंवा वर्गणी न घेता प्रोग्रामर, डिझायनर आणि घरून काम करणाऱ्या इतरांना टेबल, वीज, इंटरनेट व मुख्यतः समव्यावसायिकांची सोबत देणारी जागा. बोलण्यात 'कोवर्किंग'. सोबत नसेल तर अशी जागा नुसती बैठकखोली ठरते.

पूर्वपीठिका : बर्लिनमध्ये १९९५ पासून 'सी-बेस' हा संगणकप्रेमींचा अड्डा आहे. सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग याने ऑगस्ट २००५ मध्ये आठवड्यातून दोन दिवस सामायिक बैठक सुरू केली. 'कोवर्किंग' हे नाव सामान्यतः तिथपासून रूढ झाल्याचे मानतात. महाराष्ट्रात हे काम आधी मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी केले. मुंबई व पुण्याच्या लिनक्स गटांच्या बैठका बहुधा महाविद्यालयांच्या वर्गांत भरत आणि येणाऱ्याला पैसे पडत नसत.

भुसावळ : १८६७ मध्ये नागपूरचा फाटा सुरू झाल्यापासून हे जंक्शन. रेल्वे, आयुध निर्माणी आणि दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र यांवर शहराचा पगार चालत आला. वसंतदादा पाटील यांच्या काळात राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, त्याच सुमारास इथे श्री संत गाडगेबाबा अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. शिकलेली मुले पुण्या-मुंबईला जातात. २०२० च्या टाळेबंदीत त्यांतली बरीच लॅपटॉप घेऊन घरी आली, आणि दोन खोल्यांच्या घरात कॉल कुठे घ्यायचा हा प्रश्न पहिल्यांदा घरोघरी आला.

ग्रंथालये व अभ्यासिका : खानदेशात मोफत कार्यस्थळाचा खरा पाया इथे आहे. जळगावचे व. वा. वाचनालय १८७७ चे. देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये केला. महाराष्ट्राचा १९६७ चा कायदा १ मे १९६८ पासून अमलात आला. त्याखाली शासनमान्य वाचनालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते आणि वर्गानुसार अनुदान मिळते. वर्ग ठरतो ग्रंथ, सभासद, नियतकालिके व सेवकवर्ग यांवर. लॅपटॉप घेऊन बसणारा या हिशेबात कुठेच धरला जात नाही. वाचनालयांना, नगरपालिकांच्या इमारतींना किंवा मंडळांना जोडून अभ्यासिका असतात. प्लायचे आडोसे घातलेले टेबल, प्रत्येकाला ट्यूबलाइट आणि चार्जिंगचा पॉइंट, भिंतीवर 'शांतता राखा'. शुल्क नसते किंवा नाममात्र असते. पोलीस भरती व राज्यसेवेची तयारी करणाऱ्यांना ही शांतता हवीच. कोड लिहिणाऱ्याचे मात्र तिथेच अडते : दोन तास न सापडलेली चूक शेजाऱ्याने स्क्रीनवर नजर टाकली की दोन मिनिटांत सापडते, पण त्यासाठी तोंड उघडावे लागते. अभ्यासिका जागा देते, समुदाय देत नाही. या संपूर्ण विषयातला हाच मुख्य अडथळा आहे.

रेल्वे स्थानके : जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून रेलटेल व गूगलने स्थानकांवर मोफत वायफाय सुरू केले, २०२० नंतर रेलटेलने ते एकट्याने चालवले. मोबाइलवर ओटीपी येतो, रोज पहिला अर्धा तास फुकट. मार्च २०२१ पासून पुढच्या वापराला सशुल्क योजना आल्या; सर्वांत स्वस्त दहा रुपयांची, एका दिवसाला ५ जीबी. फॉर्म भरायला, निकाल पाहायला हे पुरते. बाकावर बसून दिवसभराचे काम होत नाही.

डिझायनर : तालुक्याच्या गावी डिझायनर म्हणजे बहुधा फ्लेक्स व लग्नपत्रिकांच्या दुकानातला कोरलड्रॉवाला. श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये नेताना अक्षरे फुटतात, आणि त्यावरचा उपाय प्रत्येक दुकान स्वतंत्रपणे शोधत बसते. मुंबईच्या एक टाइपचे 'मुक्त' व 'बलू' हे देवनागरी फाँट खुल्या परवान्यावर फुकट मिळतात. ते वापरून पाहायला पैसे नव्हे, दाखवणारा माणूस लागतो.

उन्हाळा : मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो; कूलर व इन्व्हर्टरशिवाय दुपारची बैठक शक्य नसते.

खर्च : 'मोफत' जागेचे वीजबिल कोणी भरावे, याबद्दल मतभेद आहेत.

जळगावच्या विद्यापीठाचे उबवण केंद्र आहे, पण ते नव्या उद्योगांसाठी. नुसते बसून शिकणाऱ्यासाठी नव्हे. भुसावळची गरज त्याहून साधी आहे. वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांनी आठवड्यातून एक संध्याकाळ एक खोली बोलण्यासाठी मोकळी ठेवावी. टेबल, पंखा आणि वीज तिथे आधीपासून आहेत.