मुंबईचे सागवान, परक्याचे जहाज

लाकडी जहाज म्हातारे का होते? ओकच्या लाकडातले आम्ल लोखंडी खिळ्यांना गंज चढवते. सागवानात मात्र तेल असते. ते लाकूडही जपते आणि खिळेही. म्हणून ब्रिटिश आरमाराने काही लढाऊ जहाजे मुंबईच्या गोदीत बांधून घेतली.

जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेले ७४ तोफांचे ‘कॉर्नवॉलिस’ हे त्यांपैकीच एक. १८१३ मध्ये ते मुंबईत पाण्यात उतरले. २९ ऑगस्ट १८४२ रोजी यांगत्से नदीत उभ्या असलेल्या याच जहाजावर नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या. अफूपायी पेटलेल्या युद्धात हरलेल्या चीनने हाँगकाँग इंग्रजांना देऊन टाकले. त्या अफूतली माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच जात होती. हे वाचताना माझ्या मनात अभिमान आणि शरम एकदमच येतात.

१८५५ मध्ये या शिडाच्या जहाजावर वाफेचे इंजिन चढले. १८६५ मध्ये तर इंग्लंडमधील शीरनेस येथे त्याचा चक्क धक्का करण्यात आला. ज्याने समुद्र तुडवले, ते आता इतरांची जहाजे बांधायच्या कामाचे उरले. १९५७ मध्ये ते मोडले, तेव्हा त्याचे वय १४४ वर्षे होते.

वाडियांचे नाव इतिहासाने जपले, ते रास्तच आहे. पण फळीला फळी जोडणारे, सांधे बुजवणारे ते सुतार कोण होते? त्यांचे काम दीड शतक पाण्यात टिकले. नावे मात्र कागदावरही टिकली नाहीत.